पाड्यातली उतारशाळा

कलकत्त्यात राहणारी ख्रिस्ती बाई आणि तीही नर्स, एवढं सांगितलं की महाराष्ट्रातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर निळ्या काठाची पांढरी साडी उभी राहते. "म्हणजे मदर तेरेसांच्या आश्रमात का?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला आहे, नगरच्या जुन्या ओळखीच्यांनी विचारला आहे, गाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशांनीही विचारला आहे. त्या भगिनींचं मदर हाउस आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी त्यांच्या संस्थेत कधी काम केलेलं नाही. मी नवरा-मुलं, भाजीपाला, विजेचं बिल यांत गुंतलेली संसारी बाई. एंटाली, टांग्रा, तोपसिया या भागांत क्षयरोग्यांचं औषध सुटू नये म्हणून फिरायचं, ही माझी नोकरी. व्रत न घेतलेल्या साध्या माणसानं आपला विश्वास आपल्या आळीत कसा जगायचा, हे मला चर्चमधल्या प्रवचनांइतकंच या नोकरीनं शिकवलं. ते शिक्षण लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

मी मूळची नगरची. कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ही आमच्या मंडळीत पुस्तकातली माणसं नव्हती, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी होती. टिळकांच्या कवितांइतकीच त्यांच्या घरची गोष्ट आजी सांगायची: तिथं कुणाचीही मुलं येऊन राहत, दोघांच्या ताटातलं दहा जणांत वाटलं जाई आणि लक्ष्मीबाई कुरकुरत का होईना पण सगळ्यांचं करत. एखाद्याच्या विश्वासाची पारख त्याच्या दारातून आत येणाऱ्या माणसांवरून करायची, हा संस्कार तिथून आला. पुढं बूथ हॉस्पिटलात नर्सिंग शिकले, लग्न झालं, नवऱ्याची रेल्वेतली नोकरी सियालदहला होती म्हणून कलकत्त्याला आले. सहा चर्चेस एकत्र येऊन 1970 साली नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, त्याचा फायदा मला असा झाला की नगरच्या पाळकांचं पत्र घेऊन गेल्यावर एंटालीजवळच्या बंगाली मंडळीनं मला पहिल्याच रविवारी आपलं मानलं.

क्षयरोगाच्या कामात शिरले तेव्हा सरकारी कार्यक्रमात डॉट्सची, म्हणजे देखरेखीखाली औषध देण्याची, पद्धत होती. नव्या रुग्णाच्या नावानं एक लाल पेटी यायची. तिच्यात सहा महिन्यांचं सगळं औषध असायचं. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा, कुणाचं सोमवार-बुधवार-शुक्रवार, कुणाचं मंगळवार-गुरुवार-शनिवार. एका वेळी सात गोळ्या, त्याही कुणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायच्या. पुढच्या टप्प्यात आठवड्याचा पहिला डोस समोर आणि उरलेले घरी, मात्र रिकामं ब्लिस्टर परत आणून दाखवायचं. ट्रीटमेंट कार्डावर प्रत्येक डोसची खूण. एकूण 78 डोस.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात औषध सुरू झाल्यावर महिन्याभरात खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते आणि माणूस म्हणतो, झालो की बरा. तिथंच घात होतो. औषध मध्येच सुटलं तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, त्यांच्यावर औषध चालेनासं होण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर उपचार अधिक लांबतात, अधिक त्रासाचे होतात. रिकाम्या पोटी सात गोळ्या घेतल्या की मळमळतं. लघवी नारिंगी होते, तेव्हा बायका घाबरून औषध थांबवतात. ती औषधाचा रंग घेऊन येते, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगावं लागतं. आणि औषध देणारं केंद्र उघडायचं दहाला. चामड्याच्या कारखान्यात किंवा चपलांचे पट्टे शिवणाऱ्या खोलीत रोजावर जाणारा माणूस आठलाच कामावर हजर झालेला असतो. त्यानं औषधासाठी आठवड्यातून तीन रोज बुडवायचे कसे?

नियमात यावर तोड होती. रुग्णाच्या घरचा नसलेला, त्याला सहज भेटणारा आणि जबाबदारी घेणारा कुणीही माणूस औषध देऊ शकत होता. प्रश्न एवढाच की असा माणूस कोण? मी प्रार्थनेत हा प्रश्न बरेच दिवस देवापुढं ठेवला. उत्तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं.

कलकत्त्यात आळीला पाडा म्हणतात आणि प्रत्येक पाड्याला एक क्लब असतो. एक खोली, कॅरमबोर्ड, भिंतीवर नेताजींचा फोटो, बाहेर ओट्यावर संध्याकाळचा अड्डा. हाच क्लब दुर्गापूजा बसवतो, रक्तदान शिबिर घेतो, कुणाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायला मुलं पाठवतो. मी क्लबच्या सेक्रेटरीकडं गेले. म्हटलं, "दादा, सकाळी साडेसहा ते साडेसात तुमची खोली रिकामी असते. मला ती औषधासाठी हवी आहे." त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. कमिटी बोलावली. मुलांना संसर्गाची भीती होती आणि ती रास्त होती. मी समजावलं: रोगी नेमानं औषध घेऊ लागला की काही आठवड्यांतच त्याच्याकडून रोग पसरण्याचा धोका खूप उतरतो, धोका तर निदान न झालेल्या, लपवून ठेवलेल्या रोग्याचा जास्त. खिडक्या उघड्या ठेवायच्या, खोकताना तोंडावर रुमाल धरायचा. कमिटीनं होकार दिला. पूजेच्या हिशेबाच्या वह्या ज्या लोखंडी कपाटात होत्या, त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात लाल पेट्या लागल्या आणि किल्ली सेक्रेटरीदांकडं राहिली.

समोर एका विधवा मासीमांचं मुडी-तेलेभाज्यांचं दुकान होतं. मासीमा म्हणजे मावशी, मुडी म्हणजे आपले कुरमुरे. ज्यांना क्लबात यायची लाज वाटे अशा बायकांना त्या दुकानामागच्या अंगणात औषध देऊ लागल्या. गोळ्या पोटात टिकाव्यात म्हणून आधी मूठभर मुडी आणि चहा. एका रुग्णाचे उपचार पूर्ण झाले की औषध देणाऱ्याला तेव्हा सरकारकडून 250 रुपये मानधन मिळे. मासीमा ते पुढच्या रुग्णाच्या मुडीत घालत. त्या मला बंगाली शिकवत, माझे उच्चार दुरुस्त करत. कुणी आलं नाही की दुकान शेजारणीच्या ताब्यात देऊन स्वतः त्याच्या दारात जाऊन उभ्या राहत. त्यांच्या दुकानात कालीमातेची तसबीर होती, रोज जास्वंदीचं फूल वाहिलेलं. माझ्या कामातल्या सर्वांत विश्वासू सोबतीण त्याच होत्या.

हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या डेऱ्यात वेगळी अडचण होती. बिहारमधून आलेले दहा-पंधरा पुरुष एका खोलीत पाळीनं झोपतात, एकत्र शिजवतात. छठ आली, पेरणी आली की गावाला जातात. कुणाचे दोन महिने झालेले, कुणाचे चार. अशा वेळी त्यांच्या जिल्ह्यातल्या केंद्राच्या नावानं ट्रान्सफरचा कागद करून द्यावा लागे, आणि तो कागद घेऊन माणूस खरंच तिथं पोचला का याचा पाठपुरावा करावा लागे. डेऱ्याचा सरदार हे सगळं सांभाळी. कोण कोणत्या गाडीनं जाणार, परत कधी येणार, त्याला पाठ असे. तो पाच वेळचा नमाजी होता. त्याच्या डेऱ्यातल्या कुणाचंही औषध अर्धवट राहू नये ही त्याला स्वतःची इज्जत वाटे.

या सगळ्यांत मी ख्रिस्ती आहे हे मी कधी लपवलं नाही. लोक विचारणारच होते आणि त्यांनी विचारलं. टांग्र्यातल्या एका चामडे कामगारानं सरळ विचारलं, "दिदी, बरा झालो की चर्चमध्ये यावं लागेल का?" मी म्हटलं, "औषध सरकारचं आहे, ते तुमच्या हक्काचं. मी येते ते माझ्या प्रभूनं मला शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय म्हणून. त्याच्या बदल्यात तुमच्याकडून काही घ्यायचं असतं तर ती प्रीती राहिली नसती." हे उत्तर देताना मला फार मोकळं वाटलं. आजारी माणूस हतबल असतो. त्याच्या हतबलतेच्या वेळी आपला धर्म पुढं करणं मला प्रभूच्या नावाला न शोभणारं वाटतं. म्हणून एक नेम धरला: औषधाच्या वेळी प्रार्थना नाही, आणि प्रार्थनेच्या नावाखाली औषध नाही. पण कुणी मागितली तर नाहीही म्हणायचं नाही. एका तरुण मुलीची प्रकृती फार बिघडली तेव्हा तिच्या आईनं माझा हात धरून प्रार्थना मागितली. मला अंतःकरणातून फक्त मराठीच सुचलं. मी मराठीत प्रार्थना केली, मासीमांनी उशाशी देवीचं फूल ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तिला हॉस्पिटलात भरती केलं.

पूजेच्या दिवसांत क्लबानं मला मांडवातलं प्रथमोपचार केंद्र सांभाळायला सांगितलं. रात्र-रात्र लोटणारी गर्दी, घेरी येणारी म्हातारी माणसं, हरवलेली मुलं, नव्या चपलांनी सोललेले पाय. मी हो म्हटलं. मी पुष्पांजली वाहत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा कुणी राग मानला नाही. आमच्या मंडळीत मात्र काहींच्या मनात किंतु आला. पाळकांनी मला उपासनेनंतर उभं करून सगळ्यांसमोर या कामाबद्दल बोलायला सांगितलं. मी क्लबाबद्दल सांगितलं, मासीमांबद्दल, सरदाराबद्दल सांगितलं. एकाच देवाची उपासना करण्याचा माझा निश्चय आणि शेजाऱ्याच्या आनंदाच्या दिवशी त्याच्या दुखण्यावर पट्टी बांधणं यांत मला विरोध दिसत नाही, असं म्हटलं. त्यानंतर महिला संघानं क्षयरोग्यांसाठी दर आठवड्याला अंडी द्यायचं ठरवलं, आणि एका वडील भगिनीनं सुचवलं की ती चर्चच्या नावानं वाटू नयेत, क्लबाच्या कपाटाशेजारी नुसती ठेवावीत. मला त्या दिवशी मंडळीचा फार अभिमान वाटला. नाताळला, इथल्या बोडोदिनला, आमचं खोल-करताल, म्हणजे मृदंग-टाळ, घेतलेलं कीर्तन गल्लीतून निघतं तेव्हा क्लबाची मुलं पुढं राहून रहदारी सांभाळतात. नगरच्या ख्रिस्ती कीर्तनांत वाढलेल्या मला तो आवाज परका वाटला नाही.

मग मी या शहराचा इतिहास वेगळ्या नजरेनं वाचू लागले. मराठीचं सुरुवातीचं एक छापील व्याकरण 1805 साली हुगळीकाठच्या श्रीरामपुरात विल्यम केरी यांनी काढलं आणि 1811 मध्ये तिथूनच मराठी नवा करार छापला गेला. त्या कामात त्यांच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते. आमच्या हातातल्या शास्त्राची सुरुवातच एका हिंदू पंडिताच्या साथीनं झाली. 1878 साली रमाबाई कलकत्त्यात आल्या. त्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. इथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता ही पदवी दिली. केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातल्या मुलींना आसरा देणाऱ्या बाईला जगानं ज्या नावानं ओळखलं, ते नाव शेजाऱ्यांनी दिलेलं आहे.

आणि खुद्द मदर तेरेसा. 17 ऑगस्ट 1948 ला त्यांनी लोरेटोचा मठ सोडला. पाटण्याला थोडं वैद्यकीय शिक्षण घेऊन डिसेंबरात त्या मोतीझीलच्या वस्तीत आल्या आणि काठीनं जमिनीवर अक्षरं काढून मुलांना शिकवू लागल्या. मोतीझील माझ्या कामाच्या हद्दीत येतं, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. राहायला जागा नव्हती तेव्हा क्रीक लेनमधल्या मायकेल गोम्स यांनी आपल्या घराचा वरचा मजला दिला. 1952 मध्ये काळीघाटला मरणासन्न लोकांसाठी निर्मल हृदय सुरू झालं ते कालीमंदिराला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या इमारतीत, आणि ती जागा महापालिकेनं दिली होती. स्थानिक लोकांनी आधी विरोध केला. मंदिराच्या एका पुजाऱ्याला क्षय झाला, कुणी ठेवून घेईना, तेव्हा त्याची सेवा इथंच झाली आणि विरोध ओसरला, असं सांगतात. सियालदहच्या लोरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी 1985 मध्ये रेनबो योजना सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांना शिकवण्याचं काम त्यांनी शाळेच्या मुलींनाच दिलं, वेळापत्रकातल्या तासासारखं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या घरच्या मुली त्या मुलांशेजारी बसून शिकवू लागल्या. ज्या कामांकडं आपण एकट्या थोर व्यक्तीची कामं म्हणून पाहतो, त्यांच्या खाली पाड्याचं जोतं आहे.

माझ्या डोळ्यांनी हे सर्वांत स्पष्ट पाहिलं ते 2020 मध्ये. मार्चअखेर टाळेबंदी आली. तोवर पद्धत बदलली होती. 2017 पासून औषध रोज घ्यायचं झालं होतं आणि एकाच गोळीत अनेक औषधं एकत्र येऊ लागली होती. रुग्णांना बाहेर पडता येईना, मासीमांचं दुकान बंद. क्लबाच्या मुलांनी याद्या वाटून घेतल्या आणि सायकलवरून महिन्या-महिन्याचं औषध घरोघर पोचवलं. मग 20 मेच्या संध्याकाळी अम्फान चक्रीवादळ आलं. रात्रभर वारा, पत्रे उडाल्याचे आवाज. सकाळी रस्त्यारस्त्यांवर झाडं आडवी, वीज गेलेली, पाण्याचा पंप बंद. कित्येक दिवस हीच स्थिती राहिली. रोजगार आधीच गेलेला, आता घरांची छपरंही गेली. आमच्या मंडळीनं तांदूळ आणि डाळ दिली. डेऱ्याच्या सरदारानं लाकूड जमवलं, पडलेल्या झाडांचं. शिजवायचं कशात? क्लबानं दुर्गापूजेच्या भोगाची मोठी पातेली बाहेर काढली. त्या पातेल्यांत खिचुडी शिजली. मशिदीजवळची मुलं वाढायला आली. क्षयरोग्यांच्या घरी आधी जेवण आणि मग औषध पोचलं, कारण कोणत्या घरात कोण रुग्ण आहे आणि कुणाला रिकाम्या पोटी गोळी सोसत नाही, हे आता पाड्याला ठाऊक होतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेत लुटलेल्या माणसाला तो उचलतो, तेल आणि द्राक्षारस लावतो, उतारशाळेत नेतो, दोन दीनार देऊन पुढं जातो. प्रवचनं बहुतेक त्याच्यावरच होतात. या कामानं माझं लक्ष उतारशाळेवाल्याकडं वळवलं. जखमी माणूस पुढं त्याच्याकडं राहिला. त्याच्या जखमा रोज धुणं, त्याला खाऊ घालणं, रात्री उठून पाहणं, हे त्यानं केलं असणार. त्याचा धर्म कोणता हे प्रभूनं सांगितलेलं नाही. शोमरोन्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला, एवढं मात्र त्या गोष्टीत स्पष्ट आहे. क्षयरोगाच्या सहा महिन्यांत आपली करुणा एका दिवसापुरती पुरते. पुढचे सगळे दिवस उतारशाळा लागते. ती उतारशाळा पाड्यात आधीपासून उभी असते. तिचं दार वाजवायचं, तिथल्या माणसांवर भरवसा टाकायचा आणि त्यांच्यातलीच एक होऊन राबायचं, यात मला माझा विश्वास पुरेपूर जगता आला.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना माझी यावरून एक विनंती आहे. क्षयरोग संपलेला नाही. सरकार 2018 पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. 2022 पासून निक्षय मित्र म्हणून कुणालाही रुग्णाला सहा महिने शिधा देता येतो. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा, टीबीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटा. पण एकट्यानं जाऊ नका. गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष, बचत गटातल्या ताई, बौद्ध विहारातले तरुण, मशिदीतले चाचा यांना बरोबर घ्या. शिध्याच्या पिशवीवर मंडळीचं नाव छापू नका. कुणी विचारलं तर प्रभूचं नाव सांगायला लाजू नका. आणि सहावा महिना पुरा होईपर्यंत जात राहा.